अक्रोडाची कडपट्टी

२ फेब्रुवारी

दादाची म्हातारी आज माझ्या दुकानात आली. म्हातारी म्हणजे गाडी, वहिनी नव्हे; हे दादाने वहिनींच्या देखत दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एकटाच हसला.

इतकी वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. गॅरेजवाल्याने इंजिन चालू करून दिलं, सीटा नव्याने शिवून झाल्या, आता राहिला लाकडी डॅशबोर्ड, आणि तो माझ्याकडे. दुसरीकडे जाणार कुठे? लाकडाच्या पॉलिशमध्ये माझा हात धरणारा या शहरात कोणी नाही. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणतात. मी फक्त त्यांना अधूनमधून आठवण करून देतो. असं काम पुन्हा हाती लागायचं नाही, म्हणून ही डायरी. काय काय केलं ते लिहून ठेवीन, पुढे कोणाला दाखवायला बरं.

दादाला घाई आहे. त्याचे डोळे अधू होत चाललेत, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की गाडी चालवायची हौस असेल तर आत्ताच भागवून घ्या. वहिनींना शेजारी बसवून तळ्यापर्यंत एक फेरी, एवढंच त्याचं म्हणणं आहे. माझी साठी उलटली तरी मला अजून बारक्याच म्हणतो. "बारक्या, तुझ्या हातात देतोय बरं का," म्हणाला.

निघताना वहिनी दारातून मागे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या बसायच्या बाजूची खालची कड तशीच राहू द्या, असं काहीसं. मी तेव्हा दादाला जोडपानं समजावत होतो. अक्रोडाच्या एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पातळ काप घ्यायचे, पुस्तक उघडल्यासारखे शेजारी शेजारी चिकटवायचे, की डावी नक्षी उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी उमटते. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होता. वहिनींना मी हो हो म्हटलं. बायकांना कडा-कोपऱ्यांची फार काळजी.

५ फेब्रुवारी

मीटर काढले, तारांना चिठ्ठ्या लावल्या, फळी बाहेर काढून टेबलावर घेतली. वरचं पॉलिश उन्हाने तडकलंय, त्याखालचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, जागोजागी सुटून फुगलंय. ओलं फडकं अंथरून वरून गरम इस्त्री फिरवली की जुना सरस सैल पडतो आणि व्हिनिअर सालीसारखं सोलून निघतं. इस्त्री बायकोची. संध्याकाळपर्यंत तिला कळलं नव्हतं, मग कळलं.

फळीच्या खालच्या काठाला एक गोल कडपट्टी आहे, अख्ख्या अक्रोडाची, बोटाएवढी जाड. शेजारच्या सीटसमोर तिची पार वाट लागलीय. बारीक बारीक खड्डे, कुरतडल्यासारखे. गाडी इतकी वर्षं झाकलेली म्हटल्यावर उंदीर होणारच. पटाशीचा एक ठोका दिला आणि काढून टाकली. वहिनी म्हणाल्या होत्या ती हीच कड की काय? पण असली घाण कड कोण ठेवील? आकार तसाच ठेवा म्हणायचं असेल त्यांना. आकार तसाच ठेवतो.

९ फेब्रुवारी

जोडपानं बसवली. सरसाला मंद आच लागते, म्हणून शेगडीत जुन्या कपच्या आणि पट्ट्या टाकल्या. जुनं अक्रोड काय सुरेख जळतं, धूर नाही की काही नाही. पानं दाबून धरायला शिकंजे आवळले. दिवसभर शीळ घालत होतो.

१३ फेब्रुवारी

सकाळी शिकंजे सोडले तेव्हा मी या जगातला सगळ्यात खूश माणूस होतो. मधल्या सांध्यावर दोन्ही पानं अशी जुळली होती की नखालासुद्धा फट सापडेना. आता लिहायला बसलोय तर हात चालत नाही.

दुपारी वहिनी एकट्याच आल्या. दादाला डॉक्टरांकडे बसवून आल्या होत्या. मी डॅशबोर्डवर कापड टाकलं आणि म्हटलं, "आत्ता नाही दाखवणार हं. पुरा झाल्यावरच."

"नकाच दाखवू. कड तशीच आहे ना, एवढंच सांगा."

"तशीच आहे."

इतकं सहज म्हणून गेलो. गिऱ्हाइकाला आपण शंभरदा म्हणतो, होईल, आहे, बघतो, तसंच.

त्या स्टुलावर टेकल्या. "बरं झालं बाई. त्या दिवशी तुमचं लक्ष नव्हतं, माझ्या जिवाला घोर लागून राहिला होता." मग त्या स्वतःशीच हसल्या. "बाळाला दात येत होते ना, तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन पुढे बसायची. तो उभा राहायचा, दोन्ही हातांनी ती कड धरायचा आणि चावत सुटायचा. हे ओरडायचे, अगं त्यानं माझी गाडी खाल्ली! पण गाडी थांबवायचे नाहीत."

मी डॅशबोर्डवरच्या कापडाचा कोपरा सारखा करत राहिलो.

"बाळ गेला, आणि आईंनी त्याचे कपडे, खेळणी, सगळं देऊन टाकलं. डोळ्यांसमोर नको म्हणाल्या. फोटो काढायचा राहूनच गेला, जरा चालायला लागला की काढू म्हणत होतो. त्याचं म्हणावं असं तेवढंच आहे बघा, त्या कडेवर."

मी त्या पोराला एकदाच पाहिलं होतं, कापडात गुंडाळलेलं, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. तेव्हा मी परगावी काम शिकत होतो. तापाने गेला एवढं कळलं, आणि पुढे दादाच्या घरात तो विषय कधी निघाला नाही. दुसरं मूल झालं नाही. मी सख्खा काका, आणि मला ते उंदीर वाटले.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा सांगू का?"

१४ फेब्रुवारी

शेगडी उपसली. मागच्या गल्लीत जिथे राख टाकतो तिथेही गेलो, काठीने उकरलं, हाताने उकरलं. शेजारचा शिंपी म्हणाला, काय हरवलं? म्हटलं, स्क्रू. नखाएवढासुद्धा तुकडा मिळाला नाही.

पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांसमोर येतं. ती कड जळत होती आणि मी शीळ घालत होतो.

१७ फेब्रुवारी

अक्रोडाची नवी कडपट्टी रंधा मारून तयार केली आणि खुणा कोरायला बसलो. आधी खिळा वापरला, मग बोथट पटाशी, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक. कशानेही जमत नाही. खिळ्याने केलं तर खिळ्याने केल्यासारखं दिसतं. दात लाकडाला दाबतो, कापत नाही. मी नव्या कपाटाला शंभर वर्षांचं म्हातारपण आणून दिलेला माणूस, आणि एका तान्ह्या पोराचा चावा मला येत नाही.

हे मी काय करतोय ते मला कळतंय. कळत नाही असं नाही. लिहिताना कान तापतात, तरी उद्या पुन्हा बसणार.

२० फेब्रुवारी

लेक कामावर जाताना ठमीला आमच्याकडे सोडून जाते. ठमी माझी नात, दहा महिन्यांची. खाली दोन दात, वर दोन. दिसेल ते तोंडात घालते: माझी चप्पल, चष्म्याचं घर, खुर्चीचा पाय. मी पट्टीचा एक कोरा तुकडा उकळत्या पाण्यातून काढला, पुसला आणि तिच्या हातात दिला. तिने तो फेकला. पुन्हा दिला, पुन्हा फेकला. मग मध लावला. तिने मध चाटला आणि माझा अंगठा कडकडून चावली.

तेवढ्यात बायको आत आली. एका हातात मधाची बाटली, दुसऱ्या हातात लाकूड, समोर ठमी.

"अहो, काय चाललंय हे? पोर म्हणजे काय तुमची पटाशी आहे का?"

मग सांगावंच लागलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि ठमीला मांडीवर ओढून घेतलं. 

"आत्ताच्या आत्ता जा आणि वहिनींना सांगा."

"सांगतो."

"काय सांगाल?"

जाळली हा शब्द मी बायकोसमोरही उच्चारला नव्हता, गेली म्हणालो होतो. तो त्यांच्यासमोर कुठून काढू?

"तुमचं जन्मभर हेच," बायको म्हणाली. "समोरचा बोलत असतो आणि तुम्ही आपलं पुढचं वाक्य जुळवत बसता. त्या दिवशी ऐकलं असतंत तर?"

 कपडे करून निघालो, दादाच्या गल्लीपर्यंत गेलोही. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मला पाहायच्या आत वळलो.

२३ फेब्रुवारी

चावली. बायको बाजारात गेली होती. या वेळी ठमीला पट्टी दिलीच नाही. माझ्याच हातात धरून तिच्यासमोर उगाच कुरवाळत बसलो, जणू मला ती फार हवी आहे. लगेच हिसकावून घेतली. दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि अशी काही चावली की लाळेने पट्टी भिजली. ओल्या लाकडात दात छान उतरले. खुणा एकावर एक, आडव्या तिरप्या, अगदी जशा असाव्यात तशा.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? काम साधलं की होतो तसा, छाती फुगावी असा. मग ठमी माझ्याकडे बघून हसली, आणि मी तिच्या हातातून पट्टी काढून घेतली तशी रडायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला उचलून घेऊन खोलीभर फिरलो, पण ती गप्प होईना.

२८ फेब्रुवारी

पट्टी बसवली. चहाच्या पाण्याने रंग मुरवला, लाखेचं पॉलिश दिलं, खुणांच्या तळाशी काजळी भरली आणि वरून तळहाताने घासघास घासलं. आता ती पट्टी गाडीइतकीच जुनी दिसते. मीटर जागेवर बसवले. गॅरेजवाला येऊन बघून गेला, म्हणाला, उस्ताद, नवं कुठलं आणि जुनं कुठलं तेच कळत नाही. एरवी हे वाक्य मी महिनाभर सगळ्यांना ऐकवलं असतं.

बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. ठमीला दुकानात आणत नाही.

४ मार्च

फेरी झाली.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. वहिनी शेजारी, मी मागे, गुडघे पोटाशी घेऊन. डॅशबोर्डवर ऊन पडलं आणि दोन्ही पानांची नक्षी अशी खुलली की दादा गाडी चालू करायचंच विसरला. सारखा म्हणे, "बघितलंस का गं? बघितलंस का?" वहिनी हो म्हणाल्या.

पहिल्याच वळणावर वहिनींचा हात कडेवर गेला. मी मागून बघत होतो. अंगठा एका खुणेवरून दुसरीवर गेला, तिथून तिसरीवर, मग पुन्हा पहिलीवर आला. तिथे थोडा थांबला. मग त्यांनी हात मांडीवर घेतला आणि बाहेर बघायला लागल्या.

सिग्नलला दादाने हात लांब करून तीच कड चाचपली. त्याची बोटं तिथे चांगली रेंगाळली. मग म्हणाला, "आहे गं आहे. जशीच्या तशी आहे." आणि हसला.

तळ्याशी उतरल्यावर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ठमीला दात किती आले हो?"

"खाली दोन, वर दोन," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या.

परत येताना मात्र त्यांनी हात पुन्हा कडेवर ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही. म्हणजे खोटं पचलं. सुटलो असं वाटायला हवं होतं. घरी आलो, जेवण गेलं नाही, बायकोने काय झालं विचारलं तर म्हटलं, छान झालं.

६ मार्च

वहिनी दुकानात आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, जुनी पट्टी कुठे आहे?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. या वेळी पुढचं वाक्य जुळलं नाही.

"जाळली, वहिनी."

"कधी?"

"तुम्ही त्या दिवशी विचारायला आलात, त्याच्या आधीच. सरस तापवायला. मला ते उंदरानं खाल्लेलं वाटलं."

उंदीर म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. टेबलाचा कोपरा धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी स्टूल पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"त्याला एकच दात आला होता, भाऊजी. खाली. दुसरा यायच्या आत गेला."

दुकानात पॉलिशचा वास कोंडला होता, मला दार उघडावंसं वाटत होतं आणि जागचं हलता येत नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, मला शिव्या घाला. थोबाडीत मारा. पण असं—"

"शिव्या घातल्या तर तुम्हाला बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "मला काय?"

 मी मान खाली घालून उभा राहिलो. लहानपणी मास्तरांपुढे उभा राहायचो तसा, फक्त तेव्हा छडी बसली की प्रकरण मिटायचं.

मग त्या म्हणाल्या, "यांना कळता कामा नये. यांना आता जवळचं धड दिसत नाही, बारीक असेल ते बोटांनी. त्या दिवशी सिग्नलला हात फिरवून किती खूश झाले, पाहिलंत ना? आल्यापासून दोनदा म्हणाले, बारक्यानं कड राखली हो. तेवढं त्यांच्याजवळ राहू दे. कोणीही, कधीही विचारलं तरी तशीच आहे म्हणायचं. जमेल?"

"जमेल."

"खोटं बोलायला तुम्हाला जड जाणार नाही," म्हणाल्या. टोमणा मारला असता तर सोसलं असतं. पण त्या अगदी सरळ म्हणाल्या, माझ्यातला एक उपयोगाचा गुण सांगावा तशा.

७ मार्च

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, निदान एका ठिकाणी तरी खरं बोललात. मला तसं वाटत नाही. आधी माझं खोटं माझं होतं, आता ते वहिनींनाही वाहावं लागतंय. दादाच्या शेजारी बसून, त्या परक्या खुणांवर हात ठेवून.

११ मार्च

डॅशबोर्डला मेणाचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता. जावंसं वाटत नव्हतं, पण दादाने दोनदा निरोप पाठवला.

दादा गाडीतच बसला होता, घरासमोर, इंजिन बंद. वहिनी आत होत्या. मी शेजारच्या सीटवर बसून मेण लावायला घेतलं. कडेपाशी आलो तसा हात आपोआप हलका झाला. दादा बघत होता. बघत म्हणजे माझ्या दिशेने तोंड करून बसला होता.

"बारक्या, फार मेहनत घेतलीस रे."

"त्यात काय एवढं," म्हटलं.

त्याने माझा हात फडक्यासकट आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात गरम होते. मला तो हात काढून घेऊन पळत सुटावंसं वाटलं. त्याला कळलं असतं तर त्याने त्या हाताला स्पर्शही केला नसता.

"कडेचं हिनं तुला काही विचारलं का?"

"नाही," मी म्हणालो. वहिनींना शब्द दिला होता.

"विचारलं तर तशीच आहे म्हण. ती आपली बोट फिरवत बसते, तिला बरं वाटतं. ते मोडायचं नाही आपण."

"तशीच आहेच ना, दादा."

"हो हो. आहेच." त्याने माझा हात थोपटला आणि सोडला. थोड्या वेळाने म्हणाला, "ठमीला एकदा घेऊन ये. दात चांगले आहेत पोरीचे."

मी म्हटलं, आणतो. ठमीला त्याने अजून पाहिलेलं नाही; पण परवा तळ्याशी दातांचं बोलणं निघालं होतं, ते त्याच्या डोक्यात राहिलं असेल. म्हातारपणी माणूस एकच गोष्ट धरून बसतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ते शेवटचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. म्हटल्यावर माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग डोळे पुसत आत गेली आणि ठमीला घट्ट धरून बसली. तिला काय झालं कोण जाणे. विचारायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. तुम्ही फक्त ठमीला त्यांच्याकडे घेऊन जा. उद्याच जा."

जाईन. पण दादाच्या समोर उभं राहायला नको वाटतं. वहिनींनी मला ओळखलं, बायकोने ओळखलं. त्या एकट्याला यातलं काहीएक कळलेलं नाही. तो माझा हात हातात घेतो आणि मेहनत घेतलीस म्हणतो. इतक्या भोळ्या माणसाला मी फसवलं.